संध्याकाळची पाच युनिटं

बॅटरीवाल्याने चपलांच्या कपाटावरची भिंत बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. भिंत पक्की होती, कपाट तेवढं हलवावं लागणार होतं. मग टेबलावरचा पाण्याचा पेला बाजूला सारून त्याने एक छापील कागद पसरला. घरातला कर्ता मुलगा खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकला. बॅटरी जणू आत्ताच भिंतीवर चढली आहे, असा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता.

"पाच वर्षं," बॅटरीवाला म्हणाला. "पाच वर्षांत पैसे वसूल. दहा वर्षांची हमी आहे. म्हणजे पुढची पाच वर्षं निव्वळ फायदा."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून मुलाच्या वडिलांनी तो कागद मागून घेतला. त्यांना सगळी गल्ली रीडिंगमामा म्हणत असे. चौतीस वर्षं ते वीज कंपनीत मीटर वाचायचं काम करत होते. त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही पत्त्यावरून ताडून पाहावं लागे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रस्त्याने जाताना त्यांची नजर अजून लोकांच्या तोंडाकडे जाण्याआधी मीटरच्या पेटीकडे जायची.

कागद देखणा होता. त्यावर याच घराच्या छपराचा वरून काढलेला फोटो होता, चढत जाणारी हिरवी रेघ होती, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत तो पाचाचा आकडा होता. मामांनी तो पुढून वाचला, मागून वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला. मग त्यांनी विचारलं की आमचं संध्याकाळचं रीडिंग कुठून घेतलंत. बॅटरीवाला पन्नाशीचा, मऊ बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, चार माणसांच्या घराची सरासरी धरली आहे. मामा म्हणाले, आम्ही तिघं आहोत. बॅटरीवाला हसून म्हणाला, सरासरी ती सरासरीच.

मामांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. त्यांच्या धंद्यात या प्रकाराला 'घरबसल्या रीडिंग' म्हणत. ऊन फार झालं, कुत्रं बांधलेलं नसलं किंवा जिना चढायचा कंटाळा आला की काही जण झाडाखाली बसून मागच्या महिन्यावरून या महिन्याचे आकडे भरून टाकत. मामांच्या लेखी चोरी आणि लबाडीनंतर तिसरा नंबर याचाच होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांशी त्यांचं उभ्या आयुष्यात कधी पटलं नाही, आणि घरात येऊन चहा प्यायलेल्या माणसाने तसं करावं याचा तर त्यांना जास्तच राग आला.

तसं पाहिलं तर बॅटरीची कल्पना काही वेडगळ नव्हती. दोन वर्षांपूर्वी छपरावर पॅनेलं बसली तेव्हा बिल जवळजवळ शून्यावर आलं होतं. मुलगा छापखान्यात मोठं यंत्र सांभाळायचा, त्याला यंत्रांचं वेड. तेव्हा तो ते बिल खिशात घालून महिनाभर मित्रांना दाखवत फिरला होता. मग नवे दर आले आणि दिवसाचे तुकडे पडले. दिवसा ऊन सगळ्यांच्याच छपरांवर असतं म्हणून वीज स्वस्त. संध्याकाळी सहा ते दहा सगळे एकदम घरी येऊन बटणं दाबतात म्हणून ती दीडपट महाग. आणि खरी मेख अशी की दुपारी छपराने काढलेली जास्तीची वीज दुपारच्याच खात्यात वळती व्हायची. कंपनी ती कमी दराने घ्यायची, पण संध्याकाळचा खर्च त्यातून वजा करायची नाही. बिल पुन्हा फुगलं. मुलाला पैशांपेक्षा आपण हरलो याचं वाईट वाटलं. दुपारची वीज बॅटरीत भरायची आणि संध्याकाळी वापरायची, म्हणजे कंपनीच्या नाकावर टिच्चून जगायचं, हा विचार त्याच्या डोक्यात बसला तो बसलाच.

अडचण एवढीच होती की त्या बॅटरीला लागणारे पैसे आणि सूनबाईच्या कोर्सला लागणारे पैसे हे एकच पैसे होते.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, फ्रेमा दाखवायच्या, काचा पुसायच्या. डोळे तपासून नंबर काढायचं काम मात्र शिकलेल्या माणसाचं. ते शिकायचा दीड वर्षाचा कोर्स होता. संध्याकाळपर्यंत कॉलेज, पगार अर्धा, आणि फी एकरकमी. सहा वर्षं थोडे थोडे करून दोघा नवराबायकोंनी पैसे साठवले होते, आणि यंदा तिला जागा मिळाली होती. महिनाअखेरपर्यंत फी भरली नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. बॅटरीची सवलतही महिनाअखेरपर्यंतच होती. मुलाचं म्हणणं सरळ होतं. आधी बॅटरी घेऊ, पाच वर्षांत ती स्वतःचे पैसे फेडेल, मग त्याच पैशांत तुझा कोर्स. त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, हीच पंचाईत होती. कपट असतं तर तिला भांडता आलं असतं.

तिने फक्त "बघू" म्हटलं होतं. पण बॅटरीवाला गेल्यावर कपबशा विसळता विसळता ती मामांना म्हणाली, "पाच वर्षांनी मी एक्केचाळीसची होईन, बाबा." आणि नळ जरा मोठा सोडला.

मामांनी त्याच दिवशी मुलाला सांगितलं की महिना संपायला बावीस दिवस आहेत. मला वीस दिवस दे. मी वाचून सांगतो. मुलगा म्हणाला, मोबाइलवर सगळं दिसतं. मामांनी दाखव म्हटलं. मोबाइलवर छपराने किती वीज काढली तेवढं दिसत होतं. घराने ती कधी आणि किती खाल्ली याचा तिथे पत्ता नव्हता. मुलाने मोबाइल खिशात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून मामा पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखे दिसू लागले. शर्ट खोचलेला, खिशात पेन, हातात वही. सहा वाजता, साडेसहा वाजता, सात वाजता, असे ते दहापर्यंत दर अर्ध्या तासाने जिन्याखालच्या मीटरपाशी जात, बटण दाबत आणि आकडा मोठ्याने म्हणून लिहून घेत. मोठ्याने म्हणायची सवय जुनी. त्यामुळे चूक होत नाही असं ते सांगत. शेजारीपाजारी मात्र म्हणू लागले की मामांना जरा वेड लागलंय का काय.

चार दिवसांत चित्र दिसू लागलं. सहा ते दहात घरात रोज पाच युनिटांच्या आसपास वीज जळत होती. एवढं तर बॅटरीवाल्याचंही म्हणणं होतं. पण ती सगळा वेळ सारख्या वेगाने जळत नव्हती. सहा ते सातच्या आत आकडा एकदम उडी मारायचा. पावणेतीन युनिटं त्या एका तासात. नंतर मग दिवे, पंखे, टीव्ही यांचं मुंगीच्या पावलांनी चालायचं.

मामांच्या अंगात जुना माणूस संचारला. सगळ्यात आधी त्यांनी मुलाच्या खोलीतल्या एसीवर संशय घेतला आणि त्याला दोन संध्याकाळी घामाघूम बसवलं. उडी तशीच. मग फ्रिजचं रबर सैल असेल म्हणून दारात कागद अडकवून ओढून पाहिला. रबर ठीक होतं. मग त्यांनी इस्त्री कपाटात ठेवून कुलूप घातलं. उडी तशीच. सातव्या दिवशी त्यांना जे सुचलं ते त्यांच्याशिवाय कुणालाही सुचलं नसतं. चौतीस वर्षं मीटर वाचणाऱ्याला शेवटी एकच उत्तर दिसतं. कुणीतरी वीज चोरायला वायर टाकली आहे.

शेजारच्या घरात शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. मामा त्यांच्या भिंतीला खेटून वायर हुडकत असताना बाई खिडकीतून म्हणाल्या, काही पडलं का तुमचं. मामांनी सांगितलं की मांजराचं पिल्लू. बाईही बाहेर आल्या. दोघांनी मिळून पाऊण तास नसलेलं पिल्लू शोधलं. वायर मिळाली नाही, पिल्लूही मिळालं नाही, आणि बाईंनी घरी जाताना मामांना वाटीभर दूध दिलं, सापडलं तर पाजा म्हणून. त्या वाटीने मामा फार ओशाळले.

नवव्या दिवशी सूनबाईच्या दुकानात मालमोजणी होती, तिला उशीर होणार होता. मुलगा दुसऱ्या पाळीला. मामांनी साडेसहाचं आणि सातचं रीडिंग मागच्याशी ताडून न पाहताच वहीत टिपलं, आणि नेहमीसारखे टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेले.

या सातच्या आंघोळीला मोठा इतिहास होता. मीटरच्या खोल्या म्हणजे धूळ, जळमटं, उंदरांची घाण. लग्न झालं त्या आठवड्यात बायकोने फर्मान काढलं होतं की आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून मामा घरी यायचे आणि पाणी कढत असायचं. आधी ती चुलीवर तापवायची, मग गॅसवर, आणि पुढे पन्नास लिटरचा मोठा गीझर आला. ते पाणी अंगावर पडलं की त्या दिवसाची सगळी शिवीगाळ, सगळे जिने, सगळी कुत्री वाहून जायची. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मामा निवृत्त झाले, कुठे जायचं राहिलं नाही, यायचं राहिलं नाही. तरी सातला पाणी तयार असायचं. ते कसं तयार होतं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. गीझरचं बटण दाराबाहेर वर उंचावर होतं आणि त्यांनी आयुष्यात त्याला हात लावला नव्हता. त्यांच्या लेखी गरम पाणी ही वीज नव्हतीच. ती बायकोची माया होती, आणि तिच्यामागून सुनेची.

त्या दिवशी तांब्याभर पाणी अंगावर घेतलं आणि मामा ताडकन मागे सरले. पाणी गार होतं. कसंबसं उरकून, कुरकुरत, ओला टॉवेल खांद्यावर टाकून ते साडेसातच्या रीडिंगला गेले. बटण दाबलं. आकडा पाहिला. पुन्हा दाबलं. मीटर अडकला की काय म्हणून पेटीवर टिचकी मारली.

उडी नव्हती. सहापासून आत्तापर्यंत अर्धं युनिटही गेलं नव्हतं.

मामा तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. टॉवेलाचं पाणी पाठीवरून खाली ओघळत होतं. सगळ्या गावाचे मीटर वाचले, लोकांच्या वायरी पकडल्या, बिचाऱ्या शिवणवाल्या बाईंवर संशय घेतला, आणि स्वतःच्या घरात रोज पावणेतीन युनिटं अंगावर ओतून घेत होतो. एक बॅटरी आणायची, तिच्यासाठी सुनेची जागा घालवायची, आणि कशासाठी, तर कामावरून न आलेल्या म्हाताऱ्याच्या आंघोळीसाठी. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की आठचं रीडिंग घ्यायचं राहून गेलं.

सूनबाई पावणेनऊला आली. पर्स ठेवायच्या आधी तिचा हात सवयीने वरच्या बटणाकडे गेला, आणि मामा म्हणाले, राहू दे, झाली माझी आंघोळ. ती चपापली. मामांनी वही तिच्यापुढे धरली. तिने वहीत पाहिलंच नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो, बाबा."

"कधीपासून?"

"पॅनेलं बसली तेव्हापासून. दुपारी गीझर लावून पाहिला होता एकदा. पण तुम्ही सातला आत जाता, तोवर पाणी पहिल्यासारखं कढत राहत नाही."

"आणि फी जायची वेळ आली तरी तोंडातून एक शब्द काढला नाहीस?"

ती टेबलाशी बसली. "आई गेल्यावर तुम्ही महिनाभर धड बोलत नव्हता," ती म्हणाली. "फक्त आंघोळ करून बाहेर आलात की दोन शब्द बोलायचात. तेवढं एकच तुमचं आहे. त्याचं काय युनिट मोजायचं?"

मामांनी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग म्हणाले, "उद्यापासून मी दुपारी एकला आंघोळ करणार. बटण मी लावणार. मला फक्त एक स्टूल काढून दे."

बोलायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना मामा न्हाणीघरात उभे राहिले तेव्हा त्यांना वाटलं, आपण आजारी माणसासारखे वागतोय. पाणी मस्त होतं. छपरावरची वीज उतू जात होती, गीझर हवा तेवढा वेळ तापत होता, कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. तरीही सात वाजले तेव्हा त्यांना काय करावं कळेना. ते टॉवेल घ्यायला उठले आणि वाटेतच थांबले. बायको आज खरोखर गेली, असं त्यांना वाटलं. मग नाक शिंकरून ते साडेसातचं रीडिंग घ्यायला गेले. उडी नव्हती.

पुढचे दहा दिवस उडी नव्हती. संध्याकाळचं पाच युनिटांचं घर सव्वादोनावर आलं.

महिना संपायला दोन दिवस असताना बॅटरीवाला आगाऊ रक्कम न्यायला आला. मुलाने चेक लिहून तयार ठेवला होता. मामांनी वही बॅटरीवाल्यापुढे ठेवली. त्याने आधी शिष्टाचार म्हणून पानं चाळली, मग चष्मा लावला, मग खुर्ची पुढे घेतली. अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस दिवसांचे आकडे, एका दिवसाचा एक सोडला तर एकही गाळलेला नाही. असं काही त्याने या धंद्यात पाहिलं नव्हतं. त्याने आपला छापील कागद काढून मागच्या कोऱ्या बाजूला पेनने गणित मांडलं. मुलगा चेकची कड दुमडत बसला होता आणि सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात, हातात फडकं घेऊन, पुसायचं काही नसताना उभी होती.

"सतरा वर्षं," शेवटी तो म्हणाला. "पाच युनिटं रोज असती तरी आठ झाली असती. पाच वर्षं मी दर वाढत जाणार असं धरून काढली होती. या सव्वादोनाला सतरा. हमी दहाची." त्याने पेनाला टोपण लावलं. "तुम्हाला नको ही बॅटरी. संध्याकाळी दुकान किंवा दवाखाना चालवणारे असतात, त्यांचं काम दुपारी ढकलता येत नाही, त्यांना परवडते. जिथे वीज सारखी जाते तिथे लोक पैशांकडे बघतच नाहीत. तुम्ही आपलं उन्हात वापरा."

मुलाने विचारलं, मग तुमच्या घरी किती वर्षांत वसूल झाली. बॅटरीवाला कपाळ खाजवत म्हणाला की माझ्या घरी नाही. मग तो स्वतःच आधी हसला. खरं बोलून टाकल्याचं सुख त्याच्या चेहऱ्यावर इतकं उघड दिसत होतं की मामांना तो पहिल्यांदाच बरा माणूस वाटला. त्यांनी त्याला आणखी एक चहा पाजला.

तो गेल्यावर मुलगा थोडा वेळ रिकाम्या भिंतीकडे पाहत बसला. त्याला काय झोंबलं होतं हे मामांना ठाऊक होतं. बाप वीस दिवस वही घेऊन फिरला आणि आपण मोबाइल घेऊन. पण तो मनाने कुजका नव्हता. त्याने चेक फाडला, बायकोला हाक मारली आणि कॉलेजचा खाते क्रमांक विचारला. तिने तो न पाहता सांगितला. सगळे चौदा आकडे तिला पाठ होते. पैसे गेल्याचा आवाज मोबाइलवर वाजला तेव्हा ती हातातल्या फडक्याने डोळे पुसू लागली. मुलगा म्हणाला, अगं, ते ओट्याचं फडकं आहे. मग तिघंही हसत सुटले.

आता कॉलेज सुरू होऊन तीन महिने झाले आहेत. सूनबाई साडेसहाला घरी येते. सराव करायला रोज एक माणूस लागतो, आणि सात वाजता मामा मोकळेच असतात. तिने समोरच्या भिंतीवर आकड्यांचा तक्ता टांगला आहे, वर मोठे आकडे, खाली खाली बारीक होत गेलेले. त्याच्यावर मामांनी स्वतः बाजारातून आणलेला मोठा दिवा आहे. तो सर्वांत महाग दराच्या वेळेत लख्ख जळतो, आणि कुणी तो घाईने बंद करायला गेलं तर मामाच ओरडतात.

ते ताठ बसतात. सूनबाई त्यांच्या नाकावर जाड गोल फ्रेम चढवते आणि एक डोळा झाकते. मामा वाचू लागतात, डावीकडून उजवीकडे, एकेक आकडा सुटा, मोठ्याने. पहिले काही दिवस ते प्रत्येक ओळीतला शेवटचा आकडा सोडून द्यायचे. सूनबाई म्हणायची, बाबा, शेवटचा राहिला. मामा म्हणायचे, मीटरवर तो दशांशाचा असतो, लाल, तो धरत नाहीत. जुन्या मीटरची सवय जायला आठवडा लागला.

आज डाव्या डोळ्याची पाळी होती. मामा पाचव्या ओळीपर्यंत भरभर आले. सहावीला थोडे अडखळले. सातवी ओळ आता त्यांना तोंडपाठ झाली होती. रोज उजव्या डोळ्याने वाचून वाचून झोपेतसुद्धा म्हणता आली असती. सूनबाई वहीवर पेन टेकवून वाट पाहत होती. मामांनी मान पुढे काढली, डोळा बारीक केला, आणि मग पाठ मागे टेकली.

"इथून पुढे दिसत नाही," ते म्हणाले. "तसंच लिही."

तिने तसंच लिहिलं, आणि पुढची काच उचलली.